फुकटचं लिनक्स धंद्याला चालतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोटे कारखाने, दुकानं, सीए लोकांची ऑफिसं असल्या ठिकाणचे सर्व्हर बघायचं काम करतो, त्यामुळं व्हॉट्सअ‍ॅपवर हेच प्रश्न फिरून फिरून येतात. दरवेळी नव्यानं टाईप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. क्रमानं वाचलंच पाहिजे असं काही नाही, जिथं दुसऱ्या उत्तराचा संबंध आहे तिथं नंबर दिलाय.

१. कम्युनिटी डिस्ट्रो म्हणजे नक्की कुठल्या? उबुंटू त्यात धरायचं का?

डिस्ट्रो म्हणजे मशीनवर टाकायला तयार केलेला लिनक्सचा संच. कम्युनिटी डिस्ट्रो म्हणजे जिच्यामागं एकच मालक कंपनी नाही ती. डेबियन हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण, १९९३ मध्ये इयन मरडॉकनं सुरू केलं, आज जगभरातले हजारेक डेव्हलपर ते चालवतात, दरवर्षी मतदान करून प्रोजेक्ट लीडर निवडतात, आणि ते विकत घ्यायचं म्हटलं तरी घेणार कुणाकडून, विकणाराच नाहीये. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्ससुद्धा याच गटात, पण त्यांची गोष्ट जरा वेगळी आहे (प्रश्न ६ बघा). उबुंटू फुकट आहे पण ते कॅनॉनिकल कंपनीचं. फेडोराला रेड हॅटचा आधार, ओपनसुसेला सुसेचा. म्हणजे फुकट आणि कम्युनिटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोळ लोक त्या एकच समजतात तिथून सुरू होतो.

२. फुकट आहे ते घरी वापरायला ना? धंद्यात वापरलं तर उद्या नोटीस येणार नाही ना?

नाही येणार. डेबियनची स्वतःची नियमावली आहे, त्यात सरळ लिहिलंय की कुठल्याही व्यक्तीला किंवा कुठल्याही कामासाठी मनाई करणारं लायसन्स असेल तर ते सॉफ्टवेअर मूळ डेबियनमध्ये घ्यायचंच नाही. धंदा हे पण कामच. दहा मशीनवर टाका नाहीतर हजार, मोजायला कुणी येत नाही.

पण गंमत अशी की माणसं डिस्ट्रोची काळजी करतात आणि तिच्यावर बाहेरून आणून जे टाकतात त्याचं लायसन्स बघतच नाहीत. व्हर्च्युअलबॉक्स फुकट, पण त्याचा ओरॅकलकडून येणारा एक्स्टेन्शन पॅक धंद्यासाठी फुकट नाही. टीमव्ह्यूअरचं फुकट व्हर्जन फक्त घरगुती वापरासाठी. नोटीस आली तर असल्या ठिकाणाहून येते.

३. एका शब्दात सांगा ना, भरवशाचं आहे की नाही?

डेबियन स्टेबल (डेबियनचं तपासून पक्कं केलेलं व्हर्जन) आणि अल्मा, रॉकी यांच्याबद्दल विचारत असाल तर हो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचे लॅपटॉप २०१३ मध्ये डेबियनवर नेले, विकिपीडियाचे सर्व्हर डेबियनवर चालतात, तुमच्या गोडाऊनच्या स्टॉकला चालायला हरकत नसावी.

डाग नाहीयेत असं नाही. डेबियनच्या इतिहासातला सगळ्यात लाजिरवाणा प्रसंग म्हणजे २००८ चा. २००६ मध्ये ओपनएसएसएल या सुरक्षा की बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या एकदोन ओळी एका तपासणी टूलनं कुरकुर केली म्हणून काढून टाकल्या होत्या, आणि त्या ओळीच नेमक्या रँडमपणा आणणाऱ्या निघाल्या. परिणाम असा की त्या काळात बनवलेल्या सुरक्षा की एकेका प्रकारात जेमतेम बत्तीस हजारांच्या घरातल्याच असू शकत होत्या, म्हणजे बसल्या बसल्या सगळ्या वापरून बघता येतील एवढ्या. दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. मे २००८ मध्ये डेबियनच्याच एका डेव्हलपरला सापडलं, आणि मग लपवाछपवी न करता त्यांनी जगाला सांगितलं, की बदला म्हणून. मी भरवसा म्हणतो तो याला. चूक होणारच, झाल्यावर ती उघड सांगतात का, दुरुस्ती किती लवकर येते, आणि ती दुरुस्ती तुमच्या मशीनवर लावणारं कुणी आहे का. यातलं तिसरं डिस्ट्रोच्या हातात नाहीये.

४. किती वर्षं अपडेट येतात?

डेबियनचं नवं स्टेबल साधारण दोन वर्षांनी येतं. प्रत्येकाला तीन वर्षं पूर्ण सपोर्ट, मग दोन वर्षं एलटीएस (लांब मुदतीचा सपोर्ट), मिळून पाच. डेबियन १२ हे जून २०२३ मध्ये आलं, त्याचं एलटीएस जून २०२८ पर्यंत. डेबियन १३ हे ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, ते जून २०३० पर्यंत. एलटीएसची शेवटची दोन वर्षं वेगळी टीम बघते आणि तिला कंपन्या पैसे देतात, त्या काळात दुरुस्त्या येतात पण सगळ्याच पॅकेजना तितकंच लक्ष मिळतं असं नाही, म्हणून मी लोकांना चौथं वर्ष संपायच्या आत हलवतो. अल्मा आणि रॉकीला दहा वर्षं, नऊ नंबरची व्हर्जनं २०३२ पर्यंत. फेडोराला फक्त तेरा महिने, त्यामुळं ते सर्व्हरला लावू नका (प्रश्न १४).

५. सेंटओएसनं फसवलं तसं परत होणार नाही कशावरून?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि येणं बरोबरच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स हे पैसे देऊन घ्यायचं, पण त्याचा सोर्स (मूळ कोड) उघडा, म्हणून २००४ पासून काही लोक तोच सोर्स घेऊन, रेड हॅटचं नाव आणि चिन्हं काढून, सेंटओएस नावानं फुकट द्यायचे. होस्टिंगवाले, कॉलेजं, कारखाने, अर्धं जग त्याच्यावर. २०१४ ला रेड हॅटनं सेंटओएसला आपल्यात घेतलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं बरं झालं, आता पाठीशी मोठा माणूस आहे. सेंटओएस ८ आलं सप्टेंबर २०१९ ला, सपोर्ट २०२९ पर्यंत सांगितलेला. आणि ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की सेंटओएस ८ हे ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार, पुढं फक्त सेंटओएस स्ट्रीम, जे रेड हॅटच्या पुढच्या व्हर्जनची तयारी असते, मागून येणारी पक्की नक्कल नाही. ज्यांनी मालकाला '२०२९ पर्यंत बघायला नको' असं सांगून सर्व्हर लावले होते त्यांची काय पंचाईत झाली असेल बघा. सेंटओएस ७ मात्र ठरल्याप्रमाणं जून २०२४ पर्यंत चाललं, म्हणजे जुन्यावर बसलेला वाचला आणि हौसेनं नव्यावर गेलेला अडकला.

आता यातून कम्युनिटीवर भरवसा नको असं लोक म्हणतात ते मला पटत नाही, कारण निर्णय कम्युनिटीचा नव्हताच, नाव आणि ट्रेडमार्क एका कंपनीच्या हातात गेल्यावर हे झालं. आणि पुढं बघा, घोषणेनंतर चार महिन्यांच्या आत अल्मालिनक्सचं पक्कं व्हर्जन आलं, जून २०२१ मध्ये रॉकीचं आलं, चालू मशीन फॉरमॅट न करता तिकडं वळवायच्या स्क्रिप्टसुद्धा आल्या. सोर्स उघडा होता म्हणूनच हे जमलं. विकतच्या बंद सॉफ्टवेअरच्या कंपनीनं असं केलं असतं तर रांगेत उभं राहून नवं लायसन्स घ्यायचं, एवढंच हातात होतं.

डिस्ट्रो निवडताना म्हणून एकच विचारा, ट्रेडमार्क कुणाचा आहे?

६. मग रॉकी की अल्मा?

दोन्ही चालतात. रॉकी सुरू केलं ग्रेगरी कर्टझरनं, हा सेंटओएसच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी, आणि नाव दिलं त्याच्या दिवंगत सहकाऱ्याचं. अल्मा क्लाउडलिनक्स कंपनीनं सुरू केलं आणि मग ना-नफा फाउंडेशनकडं सोपवलं. जून २०२३ मध्ये रेड हॅटनं आपला सोर्स सरसकट बाहेर ठेवणं बंद केलं, ग्राहकांपुरता ठेवला, तेव्हा दोघांच्या वाटा फुटल्या: रॉकी म्हणतं आम्ही अगदी हुबेहूबच देणार, अल्मा म्हणतं हुबेहूब नाही पण रेड हॅटवर चालणारा प्रोग्रॅम आमच्यावर चालणार, आणि त्या बदल्यात दुरुस्त्या आम्ही आमच्या वेळेत करू.

सर्न आणि फर्मिलॅब या दोन मोठ्या प्रयोगशाळांनी डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या प्रयोगांसाठी अल्माची शिफारस केली. मी पण अल्माकडं झुकतो, फाउंडेशनचा कारभार मला जास्त मोकळा वाटतो म्हणून, पण रॉकीवर आधीच असाल तर उगाच उठून बदलू नका.

७. कुणीही कोड टाकू शकतो ना त्यात? कुणी व्हायरस टाकला तर?

टाकायचा प्रयत्न झालाय आणि जवळजवळ यशस्वी झाला होता. एक्सझेड नावाची फाईल दाबून लहान करायची लायब्ररी आहे, सगळीकडं असते. ती एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता, थकलेला होता. जिआ तान नावानं कुणीतरी आलं, दोनेक वर्षं इमानदारीत मदत केली, विश्वास कमावला, सांभाळायचा अधिकार मिळवला, आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये मागचा दरवाजा बसवला, ज्यातून एसएसएचमार्गे (लांबून सर्व्हरमध्ये लॉगिन करायची सोय) मशीनमध्ये शिरता येईल. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या मायक्रोसॉफ्टमधल्या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, तो खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ ला सगळं बाहेर काढलं. अर्ध्या सेकंदाची चीड येणारी माणसं जगात आहेत म्हणून आपण झोपतो.

तुमच्या कामाचं यातलं एवढंच: ते व्हर्जन डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या अजून कच्च्या व्हर्जनांमध्ये पोचलं होतं, फेडोराच्या येऊ घातलेल्या व्हर्जनमध्ये पोचलं होतं, डेबियन स्टेबलमध्ये नाही. स्टेबलमधलं सगळं जुनं जुनं म्हणून पोरं नावं ठेवतात, त्या दिवशी जुनं असणंच कामी आलं.

आणि विकतचं घेतलं की असलं काही होत नाही असंही नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका चुकलेल्या अपडेटनं ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर नेऊन बसवली, ती सगळी पैसे मोजूनच घेतलेली होती.

८. मग लोक रेड हॅटला, सुसेला पैसे देतात ते काय वेडे म्हणून?

नाही हो. बऱ्याचदा दुसरा पर्यायच नसतो. एसएपी हाना हा मोठ्या कंपन्यांतला डेटाबेस घ्या, त्याला रेड हॅट नाहीतर सुसे हेच लागतं, डेबियनवर कसंबसं चालवलंत तरी एसएपीवाले फोन उचलणार नाहीत. ओरॅकल डेटाबेसलाही त्यांच्या यादीतली डिस्ट्रो लागते. शिवाय मोठ्या कंपनीत अडचण आल्यावर बोट दाखवायला करार लागतो, मेडिकल किंवा बँकिंगमध्ये सर्टिफिकेट लागतं. म्हणून नियम साधा आहे, आधी सॉफ्टवेअर ठरवा, मग त्याच्या कागदांत कुठली डिस्ट्रो लिहिली आहे ते वाचा. उलट्या क्रमानं गेलात की वरातीमागून घोडं.

९. रात्री अकराला सर्व्हर बंद पडला तर फोन कुणाला करायचा?

खरा प्रश्न हा आहे, आणि याचं उत्तर डिस्ट्रोच्या साईटवर नाही मिळत. कम्युनिटी तुमचं देणं लागत नाही, त्यांच्या मेलिंग लिस्टवर नीट विचारलं तर जाणकार माणूस सुंदर उत्तर देतो, पण त्याच्या सवडीनं. तुमच्याकडं दोनच वाटा: पगारी माणूस, नाहीतर महिन्याच्या करारावरचा माणूस. डेबियनच्या साईटवर देशवार कन्सल्टंटांची यादी आहे, त्यात भारतपण आहे. लायसन्सचे जे पैसे वाचले त्यातले निम्मे इथं घाला. 'भाच्याला येतं थोडंफार' या आधारावर सर्व्हर लावू नका, भाचा पुण्याला नोकरीला लागतो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो, हे मी एकदा नाही तीनदा बघितलंय.

आणि मी जेवढे बंद पडलेले सर्व्हर बघितले त्यात डिस्ट्रोचा दोष क्वचित. यूपीएसची बॅटरी मेलेली, डिस्क भरलेली, नाहीतर बॅकअप त्याच डिस्कवर घेतलेला. एका ठिकाणी बॅकअपची हार्डडिस्क सर्व्हरच्याच डोक्यावर ठेवली होती, वरून पाणी गळलं तेव्हा दोन्ही एकदम गेले.

१०. टॅली, डीएससी (डिजिटल सही), प्रिंटर, श्रीलिपी हे सगळं चालेल का?

एकेक घेऊ. टॅलीप्राईम विंडोजसाठी आहे, वाईन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरून चालवायचे प्रयोग लोक करतात पण हिशोबाच्या बाबतीत प्रयोग कशाला, टॅलीला एक विंडोज पीसी राहू द्या आणि त्याचा रोजचा बॅकअप लिनक्स सर्व्हरवर घ्या. सगळंच बदलायची तयारी असेल तर आपल्या मुंबईत घडलेलं ईआरपीनेक्स्ट हे हिशोब, स्टॉक सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे, ते मुळात लिनक्सवरच चालतं, पण ते शिकायला ऑफिसला सहा महिने द्यावे लागतात.

डीएससी टोकनचं, आधी तुमच्या टोकनचा ड्रायव्हर लिनक्सला मिळतो का आणि तुम्ही ज्या पोर्टलवर सह्या करता तिथं तो चालतो का हे एका मशीनवर बघा, एका पोर्टलवर चाललं म्हणून दुसऱ्यावर चालेल असं नाही. सीए ऑफिस असेल तर मी सरळ सांगतो, सह्यांसाठी एक विंडोज ठेवा.

प्रिंटर: एचपीचे बहुतेक चालतात, एपसनचे डॉट मॅट्रिक्स पण चालतात. आपल्याकडं दर दुसऱ्या ऑफिसात दिसणारा कॅनन एलबीपी २९०० मात्र त्याच्या स्वतःच्याच वेगळ्या भाषेत बोलतो, त्याला लिनक्सवर बोलतं करण्यात भल्याभल्यांची संध्याकाळ जाते.

श्रीलिपीतल्या जुन्या फाईली युनिकोड नाहीत, तो फाँट नसेल तर नुसता चिन्हांचा कचरा दिसतो. डीटीपीचं काम असेल तर विंडोज सोडू नका. नुसती पत्रं आणि बिलं मराठीत काढायची असतील तर इनस्क्रिप्ट आणि युनिकोड लिनक्सवर झकास चालतं.

११. विंडोज १० बंद झालं, आमच्या दहा जुन्या पीसींवर लिनक्स टाकू का?

१४ ऑक्टोबर २०२५ पासून हा प्रश्न रोज येतोय. कामं ब्राउझर आणि एक्सेलसारखीच असतील तर टाका, मिंट चांगलं, दिसायला ओळखीचं वाटतं. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं उबुंटूवर बेतलेल्या सिस्टिमवर चालतात, म्हणजे आपल्या माणसांना जमत नाही असं काही नाही. पण दहाही एकदम बदलू नका. ज्याला नवं शिकायची हौस आहे त्याचं एक आधी बदला, महिनाभर बघा, बाकीचे आपोआप विचारायला येतात. अगदी जुनी ३२ बिटवाली मशीन असतील तर डेबियन १३ त्यांच्यावर इन्स्टॉल होत नाही, ती भंगारात द्या.

१२. सिक्युरिटी ऑडिटच्या रिपोर्टमध्ये सगळी व्हर्जनं जुनी म्हणून लाल आलीयेत, काय करू?

घाबरू नका आणि नवं व्हर्जन हातानं कंपाईल करून तर मुळीच टाकू नका. डेबियन, अल्मा, रॉकी हे सगळे व्हर्जन नंबर तोच ठेवून फक्त दुरुस्ती मागं आणून लावतात. ऑडिटरचं टूल मूळ नंबर बघतं आणि बोंब मारतं. उदाहरण घ्या, जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमध्ये मोठं भोक सापडलं, नंबर सीव्हीई-२०२४-६३८७ (सीव्हीई म्हणजे असल्या प्रत्येक भोकाला दिलेला ओळख नंबर). डेबियन १२ मध्ये ओपनएसएसएच ९.२ आहे, टूलच्या हिशोबानं धोक्यातलं. पण पॅकेजच्या पूर्ण नंबरात शेवटी डेब१२यू३ किंवा त्यापुढचं असेल तर ते भोक बुजवलेलं आहे. डेबियनचा सिक्युरिटी ट्रॅकर उघडा, तो सीव्हीई नंबर टाका, त्या पानाची प्रिंट आणि तुमच्या मशीनवरचा पॅकेज नंबर असं जोडून ऑडिटरला द्या. चांगला ऑडिटर लगेच मान्य करतो. न करणाराही भेटतो, त्याला चहा पाजून परत समजवायचं.

१३. अपडेट आपोआप लागू द्यायचे का?

सुरक्षेचे हो, पण वेळ ठरवून. यात मी स्वतः तोंडावर पडलोय. डेबियनमध्ये आपोआप अपडेटची वेळ पहाटे सहा-सातची असते, मी म्हटलं छान, ऑफिस दहाला उघडतं. पण तिथले मालक वीज वाचवायला रात्री सर्व्हर बंद करून जायचे, आणि चुकलेली वेळ मशीन सुरू झाल्या झाल्या भरून काढली जाते. म्हणजे सकाळी दहाला, काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना, डेटाबेस रीस्टार्ट. दोन आठवडे मला कळेना की बिलिंग सकाळीच का अडकतं. आता त्यांची वेळ दुपारी अडीचची ठेवलीय, जेवायच्या सुट्टीत. कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) अपडेट लागला की रीबूट केल्याशिवाय तो लागू होत नाही, हेही लोक विसरतात, महिन्यातून एकदा सुट्टीच्या दिवशी रीबूट करा.

१४. आर्च, फेडोरा किंवा यूट्यूबवर दिसलेली एखादी नवी डिस्ट्रो सर्व्हरला लावली तर?

स्वतःच्या लॅपटॉपला लावा, मजा करा. धंद्याच्या मशीनला नको.

१५. सर्ट-इनचा लॉगचा नियम आम्हाला पण लागू आहे का, आणि लिनक्समध्ये ते होतं का?

सर्ट-इन म्हणजे सायबर सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या, डेटा सेंटर, सेवा देणारे असे बरेच जण येतात, तुम्ही त्यात बसता का हे तुमच्या सल्लागाराला विचारा. मागणी अशी की लॉग (मशीनवर काय काय झालं त्याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे, घड्याळं एनटीपीनं जुळवलेली ठेवायची आणि ठरावीक प्रकारचा सायबर हल्ला झाला तर कळल्यापासून सहा तासांत कळवायचं. लिनक्सला हे सहज जमतं, पण बसल्या जागी जमत नाही, कारण जुने लॉग काढून टाकणाऱ्या लॉगरोटेट या प्रोग्रॅमची नेहमीची सेटिंग चार आठवड्यांची असते, पाचव्या आठवड्यात पहिला लॉग उडाला. ती वाढवून सव्वीस सत्तावीस आठवडे करा. डेबियन १२ पासून तर नव्या इन्स्टॉलमध्ये आरसिसलॉग (लॉग फाईलींत लिहिणारा प्रोग्रॅम) येतच नाही, सगळं सिस्टिमच्या स्वतःच्या जर्नलमध्ये जातं आणि त्याला जागेची मर्यादा असते, ती पण बघा. शक्य असेल तर लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा, कारण घुसलेला माणूस सगळ्यात आधी लॉगच पुसतो.

१६. आमची पतसंस्था आहे, सर्व्हरवर डेबियन टाकला तर चालेल का?

तुमचं कोअर बँकिंगचं सॉफ्टवेअर ज्यांचं आहे ते म्हणतील तेच (प्रश्न ८). ते विंडोज सर्व्हर म्हणत असतील तर विंडोज सर्व्हर, त्यावर वाद घालू नका. लिनक्स वापरायचीच असेल तर बाजूच्या कामांना वापरा, फायरवॉल, रात्रीचा बॅकअप, कागदपत्रांचे स्कॅन ठेवायचा फाईल सर्व्हर.

१७. आमच्याकडं अजून डेबियन १० चालू आहे, सरळ १३ वर उडी मारता येईल का?

नाही. एकेक पायरी, १० वरून ११, मग १२, मग १३, मधली पायरी गाळायला डेबियनचा सपोर्ट नाही. प्रत्येक पायरीला पीएचपी, डेटाबेस यांची व्हर्जनं बदलतात, त्यामुळं मधेच कुठंतरी तुमचं जुनं सॉफ्टवेअर बसतं. अशा वेळी मी चालू मशीनला हातच लावत नाही, शेजारी नव्या मशीनवर १३ टाकतो, डेटा तिकडं नेतो, आठवडाभर दोन्ही चालू ठेवतो आणि महिनाअखेर गेल्यावर जुनं बंद करतो. सेंटओएस ७ वर अडकलेल्यांसाठी अल्माचं एलिव्हेट नावाचं टूल आहे, ते जागच्या जागी पुढं नेतं, पण त्याआधी पूर्ण बॅकअप घ्या आणि तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, नुसती हिरवी टिकमार्क बघून सुरू करू नका.